ओदेलू शिंप्याची थुंकी

माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून माझी नोकरी रस्त्यावर झाली नाही, टेबलावर झाली. मी पोशेट्टी, आमच्या ठाण्याचा रायटर जमादार. पंचनामे, जबाब, प्रयोगशाळेला जाणारी पत्रं, पेपरवाल्यांना द्यायच्या चिठ्ठ्या, सगळं माझ्या हातचं. लोक पोलिसाच्या काठीला भितात. मी म्हणतो, त्याच्या लेखणीला भ्या. हे मला ओदेलूमुळे कळलं, आणि कळलं तेव्हा त्याचा काही उपयोग उरला नव्हता.

ओदेलू मेर जातीचा. आमच्याकडे मेर म्हणजे शिंपी. ठाण्याच्या कुंपणाला लागूनच त्याचं दुकान होतं. पुढे एक मशीन आणि कापायची फळी, मागे दोन खोल्या. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज आणि शाळेतल्या सगळ्या पोरींचे गणवेश त्याच्या हातचे. बायको लवकर गेली. स्वरूपा ही एकुलती एक मुलगी त्याने एकट्याने वाढवली, तिच्या वेण्या घातल्या, तिला मेटपल्लीच्या बऱ्या घरात दिली. अशा माणसाकडे बायका आपल्या पोरी माप द्यायला एकट्या पाठवायच्या. त्याला त्याचा अभिमान होता आणि तो लपवायचाही नाही. "माझ्या दुकानाला दार आहे, पण कधी लावलेलं पाहिलंस का, जमादार?" असं मला दहा वेळा म्हणाला असेल.

ठाण्यात त्याला मीच आणला. मारामारी असो, खून असो, रक्ताचे कपडे जप्त होतात. ते सावलीत वाळवायचे, कागदात गुंडाळायचे, वरून मांजरपाट शिवायचा, शिवणीवर लाख ओतून ठाण्याचा शिक्का उठवायचा आणि गाठोडं हैदराबादला प्रयोगशाळेत पाठवायचं. शिवण्याचं काम कॉन्स्टेबलांचं. आमचे बहाद्दर शिवायचे ते पोत्याचं तोंड शिवल्यासारखं. एकदा वाटेतच शिवण उसवली, गाठोडं शेरा मारून परत आलं, साहेबांनी सगळ्यांचा उद्धार केला. मी उठलो आणि शेजारच्या दुकानात गेलो. तेव्हापासून बावीस-तेवीस वर्षं आमच्या ठाण्याचं एकही गाठोडं परत आलं नाही.

डागाभोवती धावदोरा घालायची युक्तीही त्याचीच. कपड्यावर डाग कुठे आहे ते दाखवायला शाईने गोल करायची पद्धत होती. शाई ओलाव्यात फुटायची आणि डागात शिरायची. ओदेलूने एकदा माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"शाई कशाला ओततोस त्याच्यावर? मी कडेकडेने धावदोरा घालतो. दोरा काही पसरत नाही. पाहिजे तेव्हा उसवता येतो."

गडद कपड्यावर पांढरा दोरा, फिक्यावर हिरवा. लाल कधी नाही. पुढे प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी पत्राच्या शेवटी लिहिलं, 'आपल्या ठाण्याची बांधणी उत्तम असते.' साहेबांनी ते पत्र फायलीला लावलं. ओदेलूने त्याची झेरॉक्स मागून घेतली आणि मशीनच्या वर चिकटवली. त्याला वाचता येत नव्हतं. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "तेवढं वाच बघू मोठ्याने."

एक नवा फौजदार आला होता, शिकलेला. त्याने ओली लुंगी तशीच प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि गाठ मारली. ओदेलूने ती पिशवी हुंगली आणि त्या पोराला ठाण्यातच झाडला. "सार, तुमची आई ओला टॉवेल असा ठेवते का? बुरशी धरेल. हा माणूस मेलाय, आता त्याच्या वतीने बोलायला हा एवढा चिंधूक उरलाय, तोही कुजवताय?" फौजदार ओशाळला. दुसऱ्या दिवसापासून त्याला 'मामा' म्हणायला लागला.

कपडे वाळत घालताना तो डागाची बाजू भिंतीकडे करायचा. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये म्हणून. आणि पहिला टाका घालायच्या आधी कपड्याला हळूच म्हणायचा, "थांब हं, जरा टोचेल." मी सुरुवातीला हसायचो. मग सवय झाली.

पुढे नवी तपासणी आली. पूर्वी रक्ताचा गट कळायचा, आता म्हणे थेंबावरून माणूस कळतो. रक्तच लागतं असंही नाही. घाम, थुंकी, काहीही चालतं. वरून हातमोज्यांचा खोका आला, सोबत एक कागद आला. मी तो कागद वाचून दाखवला आणि ओदेलूने निमूटपणे हातमोजे चढवले. बोटांना सुई कळत नाही म्हणून कुरकुरला, पण चढवले. तोंडाचं मात्र कुणी काही सांगितलं नाही, आणि कुणाच्या डोक्यातही आलं नाही. शिंपी सुईत ओवायच्या आधी दोरा ओठात ओला करतो आणि टाका संपला की कापडावर वाकून दाताने तोडतो. त्याच्या बापाने तसाच तोडला, आज्यानेही. कात्री हाताशी असली तरी तोडतात.

तेलंगण वेगळं व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. बतुकम्मा, आमच्याकडचा बायकांचा फुलांचा सण, होऊन आठवडा झाला होता. राजव्वा नावाची विड्या वळणारी बाई, नवरा दुबईला गेला तो गेलाच. तिची एकोणीस वर्षांची मुलगी रवळी पानं आणायला विडीच्या गोदामात गेली आणि परत आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच पानांच्या गठ्ठ्यांमागे सापडली. गळा आवळलेला. संशय गोदामाच्या मुन्शीवर, वेणूवर गेला. त्याच्या हातावर ओरखडे होते. तो म्हणाला, गठ्ठे उचलताना लागले. पाहिलेलं कुणी नव्हतं.

डॉक्टरांनी मुलीच्या खांद्यावर दाताचे वण दाखवले. कमिजीवरून चावा घेतला होता. ते मला म्हणाले, "जमादार, या जागेची कमीज सांभाळा. चावणाऱ्याची थुंकी इथे असणार. सगळा खटला या चार बोटं कापडावर आहे."

मी कमीज सावलीत वाळवली आणि ओदेलूला हाक मारली. तो हातमोजे चढवून बसला, मी कमीज त्याच्यासमोर पसरली. त्याने बाहीची कड उलटी करून बघितली आणि त्याचा हात तिथेच थांबला.

"ही माझी शिवण आहे," तो म्हणाला.

"कुणाची?"

"माझी. बतुकम्मासाठी शिवली. म्हणाली होती, मामा, बाही लांब ठेव. विडीच्या पानाने हात काळे होतात, ते झाकतील." तो माझ्याकडे बघत राहिला. "राजव्वाची का रे?"

मी मान हलवली. मी म्हटलं, राहू दे, आज कॉन्स्टेबल शिवेल. तो चिडला. "त्याच्या हातात देतोस? हिला?" मग त्याने दोरा ओठात धरून ओला केला, सुईत ओवला. डॉक्टरांनी सांगितलेल्या जागेभोवती धावदोरा घातला, एकेक टाका मोजल्यासारखा. डोळे भरले होते, म्हणून नेहमीपेक्षा जास्तच वाकला होता. शेवटी खांद्यावर तोंड नेऊन दोरा दाताने तोडला. मी समोर बसलो होतो. तेवीस वर्षं बघत होतो, आणि त्या दिवशीही नुसता बघत बसलो.

चार महिन्यांनी अहवाल आला. खांद्यावरच्या जागी किमान दोन पुरुषांची लाळ, एकमेकांत मिसळलेली. वेगळी करता येत नाही. वेणूची आहे की नाही, ठामपणे सांगता येत नाही.

वेणू जामिनावर सुटला. त्याच्या वकिलाने चावडीवर बसून सांगितलं, दुसराच कोणीतरी आहे, पोलीस गरिबाला अडकवताहेत. केस बसल्यात जमा होती. पण मला झोंबलं ते वेगळंच. राजव्वा रोज ठाण्याच्या पायरीवर यायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. हात विड्या वळत राहायचे, ती मान वर न करता विचारायची.

"जमादार, दुसरा कोण?"

"शोधतोय, अव्वा."

"एकच होता असं मी मनाला सांगितलं होतं. एकाला ती ढकलत असेल, नखं मारत असेल, असं. आता दोघं म्हणता. दोघांपुढे तिने काय केलं असेल, जमादार?"

मी फाईल उघडायचो आणि बंद करायचो.

मग एका सकाळी ओदेलू ठाण्यात दुसऱ्याच कुठल्यातरी भांडणाचा सदरा शिवत बसला होता. मी चहाचा पेला तोंडाला लावला होता. त्याने वाकून दोरा तोडला, आणि मी पेला तसाच खाली ठेवला.

"ओदेलू, आता काय केलंस?"

"काय केलं? टाका घातला."

"दोरा कशाने तोडलास?"

"दाताने. मग काय विळ्याने तोडू?"

मी उठून दार लावलं. खाली त्याच्याजवळ बसलो. "रवळीच्या कमिजीवरची दुसरी थुंकी तुझी आहे."

तो आधी हसला. "माझ्या थुंकीची हैदराबादपर्यंत चौकशी?" मग त्याचं हसू हळूहळू गेलं. त्याने हातातल्या हातमोज्यांकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाला, "म्हणजे राजव्वा पायरीवर बसून रडते ती माझ्यामुळे."

सर्कल इन्स्पेक्टरांनी, आमच्या सर्कल सारांनी, सगळं ऐकून घेतलं. माणूस सरळ होता, उगाच गोड बोलला नाही. "तुमचं रक्त घेऊ. जुळलं तर तुमचा भाग बाजूला काढून उरलेला कुणाचा ते प्रयोगशाळा सांगू शकेल. पण मग तुमचं नाव खटल्यात येईल, मामा. मुलीच्या कपड्यावर तुमची थुंकी, असं. वकील सोडणार नाही. नाही म्हणालात तर मी जबरदस्ती करणार नाही."

ओदेलूने एक रात्र मागितली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने स्वरूपा आली. तिला कुणी कळवलं देव जाणे. दुकानातलं बोलणं आमच्या व्हरांड्यात ऐकू येत होतं.

"बापू, नको देऊस रक्त. तुला काय पडलंय? पोलिसांची चूक, पोलीस निस्तरतील."

"चूक माझी आहे, बिड्डा."

"सासरी काय सांगू मी? माझ्या बापाचं नाव मेलेल्या पोरीच्या खटल्यात?"

"खरं ते सांग."

"खरं कोण ऐकतं? तू कधी सासरी राहिलायस?"

यावर तो हसला असावा, कारण तीही रडता रडता हसल्याचं ऐकू आलं. मग त्याचा आवाज आला. "ती माझ्याकडे तिसरीत असल्यापासून यायची. पहिला गणवेश माझ्या हातचा, शेवटची कमीजही माझ्या हातची. तिला मारणारा माझ्या थुंकीआड लपलाय. मी गप्प बसलो तर जेवण कसं उतरेल मला?"

त्याने रक्त दिलं. दोन महिन्यांनी अहवाल आला. मिसळलेल्यातला एक ओदेलू. त्याला वजा केल्यावर उरलेला वेणू. वेणूला परत उचलला. मी पायरीवर जाऊन राजव्वाला सांगितलं, "अव्वा, दोघं नव्हते. एकच होता." तिने सूप बाजूला ठेवलं आणि पदराने तोंड झाकून घेतलं. आम्हाला वाटलं, सुटलो.

त्याच संध्याकाळी पेपरवाले आले. सर्कल सारांना कलेक्टरकडे जायचं होतं. ते म्हणाले, "पोशेट्टी, चार ओळी लिहून द्या." मी लिहून दिल्या. चांगल्या अक्षरात. 'मृत मुलीच्या कपड्यावर सापडलेला दुसऱ्या इसमाचा शारीरिक द्रव हा ठाण्यासाठी शिलाईकाम करणारे मेर ओदेलू, वय ६१, यांचा असल्याचे निष्पन्न झाले आहे. सदर द्रव शिलाई करताना लागलेला आहे.'

शारीरिक द्रव. मी थुंकी लिहिलं नाही. सरकारी कागदावर थुंकी, लाळ असलं काय लिहायचं, बरं दिसतं का? तेवीस वर्षं मी 'मेला' न लिहिता 'मयत' लिहिलं, 'पळाला' न लिहिता 'फरार' लिहिलं. हात वळणावर गेला. पेपरात जागा कमी होती, त्यांनी शेवटचं वाक्य कापलं. वर ठळक छापलं, 'मृत तरुणीच्या कपड्यावर शिंप्याचा शारीरिक द्रव'.

आमच्या गावात शारीरिक द्रव म्हटल्यावर थुंकी कुणाच्या मनात येणार? पेपर हॉटेलात मोठ्याने वाचला गेला. वाचणारा त्या शब्दापाशी थांबला, कोणीतरी घसा खाकरला, आणि जे समजायचं ते सगळ्यांनी समजून घेतलं. ओदेलूला वाचता येत नसल्यामुळे दुपारपर्यंत त्याला ठाऊकच नव्हतं. एक बाई शिवायला टाकलेलं कापड न शिवताच परत मागायला आली. मग दुसरी आली. तिसरीने पोराला पाठवलं.

आठवड्याने शाळेच्या बाई आल्या. "मामा, माझा विश्वास आहे. पण मुलींच्या आया..." त्याने त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. फळीखालून गणवेशाच्या निळ्या कापडाचा तागा काढला आणि त्यांच्या शिपायाच्या खांद्यावर ठेवला.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. मी घरी भाकरी खात होतो. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"जमादार, एक विचारू? तू थुंकी का नाही लिहिलंस?"

मी म्हटलं, "सरकारी भाषा असते रे ती."

"हो का?" तो म्हणाला. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. "थुंकीला सरकारात तसं म्हणतात?"

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पेपरवाल्यांकडे गेलो, दुरुस्ती छापा म्हणालो. दहा दिवसांनी आतल्या पानावर, लिलावाच्या जाहिरातीखाली चार ओळी आल्या. त्या मीच वाचल्या, बाकी कुणी नाही.

खटल्यात ओदेलूची साक्ष झाली. कोर्ट खचाखच भरलेलं. वेणूचा वकील उंच, बारीक, गोड आवाजाचा.

"दोरा तोंडात का घालता?"

"मग नाकात घालू?" ओदेलू म्हणाला. लोक हसले. मलाही बरं वाटलं. आपला ओदेलू अजून शाबूत आहे, असं वाटलं.

वकीलही हसला. "बरोबर आहे. मुलीचं माप कोण घ्यायचं?"

"मीच."

"कधीपासून?"

"तिसरीपासून."

"एकोणीसची होईपर्यंत? तुम्ही स्वतः? हाताने?"

"टेपने," ओदेलू म्हणाला. पण तोवर कोर्टात शांतता झाली होती, आणि त्या शांततेत त्याचं उत्तर कुणाच्या कानात गेलं नाही.

न्यायाधीश बाई समजूतदार होत्या. त्यांनी सुई, दोरा आणि एक रुमाल मागवला, पेन्सिलीने रुमालावर गोल काढला. म्हणाल्या, "नेहमी करता तसं करा." ओदेलूने हातमोजे मागितले. दोरा ओठात धरला, ओवला, गोलाभोवती धावदोरा घातला. एवढं सगळं बोलून झालं, एवढी बेअब्रू झाली, तरी शेवटचा टाका पडल्यावर तो त्या रुमालावर वाकला आणि दोरा दाताने तोडला. मग त्याच्या लक्षात आलं. तो रुमालाकडे बघत उभा राहिला. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. माझ्या शेजारी बसलेले सर्कल सार हळूच म्हणाले, "झालं. केस वाचली."

केस वाचली. वेणूला जन्मठेप झाली. निकालाच्या सत्तावीस नंबरच्या पानावर स्वच्छ लिहिलं आहे की ती लाळ होती, शिलाई करताना लागली, आणि या साक्षीदाराच्या प्रामाणिकपणावर कोर्टाला तिळमात्र संशय नाही. मी ते पान घेऊन हॉटेलात गेलो. इंग्रजीतलं वाक्य आमच्या भाषेत करून मोठ्याने वाचलं.

"ठाण्याचाच माणूस ना तो," कोपऱ्यातून एक जण म्हणाला. "तुम्ही त्याला वाचवणारच."

"निकाल कोर्टाचा आहे, गाढवा!"

"कोर्टाला कागद कोण देतं, जमादार? तुम्हीच ना?"

मी कप आपटला आणि बाहेर पडलो. माझ्या आयुष्यात मी एवढा हताश कधी झालो नव्हतो. चार ओळी लिहायला मला पाच मिनिटं लागली होती.

त्यानंतर ओदेलू गोधड्यांच्या खोळी आणि पुरुषांच्या चड्ड्या शिवायचा. ठाण्यात तयार कागदी पाकिटं यायला लागली, चिकटपट्टीची, त्यामुळे तेही काम संपलं. बाया-पोरी दुकानासमोरून जाताना पदर सारखा करायच्या. राजव्वा तेवढी दुपारी सूप घेऊन त्याच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायची. दोघं फारसं बोलत नसत. ती विड्या वळायची, तो मशीन चालवायचा. लोक तिलाही नावं ठेवायला लागले तेव्हा त्यानेच तिला सांगितलं, नको येऊस.

स्वरूपाने येणं कमी केलं. आधी नात सहस्रा शाळेत जायला लागली म्हणून, मग सासूचे गुडघे दुखतात म्हणून. सणाला एकटी यायची, सकाळी येऊन संध्याकाळी जायची. "सहस्राला आणायचं नाही का?" त्याने माझ्यासमोर एकदा विचारलं. तिने बसचं वेळापत्रक काढलं. ती म्हणाली, "पुढच्या वेळी, बापू." तो म्हणाला, "हो, हो, पुढच्या वेळी." तिला वेशीवरच्या स्टँडपर्यंत सोडून आला आणि दिवसभर मशीनला हात लावला नाही.

तीन वर्षांपूर्वी जो माणूस फौजदाराला झाडत होता, तो आता गिऱ्हाईकाशीही मान खाली घालून बोलायचा. मला त्याचा राग यायचा. ओरड की रे, म्हणायचो, शिव्या घाल गावाला, मला घाल! तो म्हणायचा, "तुला घालून काय होणार? तू चांगल्या मनाने लिहिलंस." हे ऐकून मला जास्त वाईट वाटायचं. मी त्याच्याकडे जाणं टाळायला लागलो, हेही सांगून टाकतो. रोज समोरून जायचो आणि ठाण्यात काम आहे असं दाखवायचो.

संक्रांतीनंतर गेला. छातीत दुखत होतं, कुणाला सांगितलं नाही. सकाळी दूधवाल्याला खाटेवर दिसला. दुकानाचं दार सताड उघडं होतं.

अंत्ययात्रेला बारा-तेरा माणसं होती. तिसऱ्या दिवशी सगळे पांगल्यावर स्वरूपा दुकानात फळीवर बसली होती. मी दारात उभा होतो. नवरा बाहेर फोनवर बोलत होता. तिने भिंतीवरच्या त्या पिवळ्या पडलेल्या झेरॉक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, एक खरं सांगाल? ती थुंकीच होती ना?"

बापाला पोचवून आल्यावर विचारत होती. माझं डोकं फिरलं. तोंडापर्यंत आलं की तू विचारतेस, तू, जिच्या वेण्या त्याने घातल्या? पण रागवायला मी कोण? जे तिने मनात धरलं ते मीच लिहून दिलं होतं.

"थुंकीच होती, बिड्डा. मी समोर बसलो होतो. त्याने दाताने दोरा तोडला. तो शब्द माझा, त्याचा काही दोष नाही."

तिने मान हलवली. ते तिला ठाऊक होतं. ठाऊक असूनही कुठेतरी आत ठाऊक नव्हतं, एवढं मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती फळीवरचा खडू उचलून बोटात फिरवत राहिली.

"दसऱ्याच्या आधी त्याचा फोन आला होता," ती म्हणाली. "इकडचं तिकडचं बोलला. सासू बरी आहे का, पाऊस पडला का. मग म्हणाला, सहस्रा आता केवढी झाली? मी म्हटलं, झाली मोठी. तर म्हणाला, तसं नाही, नीट सांग, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत किती भरेल? कमरेत केवढी आहे?"

तिने खडू फळीवर ठेवला.

"मला कसंतरीच झालं, काका. हा कशाला विचारतो, असं वाटलं. मी फोन ठेवून दिला. त्याने परत दोनदा केला. मी उचलला नाही."

बाहेर नवऱ्याने तिला हाक मारली. ती उठली नाही.

"फ्रॉक शिवायचा होता त्याला," ती म्हणाली. "नुसता फ्रॉक शिवायचा होता."